‘मोफत नमुना’ म्हणून घेतलेल्या वस्तूचं बिल आलं तर

प्रश्न थोडक्यात असा. मोबाइलवरच्या जाहिरातीत केसांच्या सीरमचा नमुना ‘अगदी मोफत, फक्त डिलिव्हरीचे ४९ रुपये’ असं लिहिलं होतं. पैसे भरले, बाटली आली, पंधरा दिवस वापरली. मग १,४९९ रुपयांचं बिल आलं, दुसरी बाटली न मागता आली आणि आता वसुलीचे फोन येतात: ‘पैसे भरा, नाहीतर सिबिल खराब करू, केस करू.’ बाटली अर्धी संपली आहे. पैसे द्यावे लागतील का?

तुम्ही सांगितलं तेवढंच घडलं असेल तर पहिल्या बाटलीचे पैसे द्यायचे नाहीत, दुसरीचेही नाहीत. पण गप्प बसूनही चालणार नाही. आजच एक लेखी उत्तर पाठवा आणि तोवर दुसऱ्या बाटलीचं सील तोडू नका. यामागची कारणं नीट समजून घ्या, कारण फोनवरचा माणूस नेमका त्यांच्याच आडून बोलत असतो.

बिल हे समोरच्याने छापलेलं मागणीपत्र आहे. तेवढ्याने कर्ज तयार होत नाही. पैसे देणं लागायचं तर आधी करार हवा, आणि करारासाठी समोरच्याच्या प्रस्तावाला तुमची संमती हवी. भारतीय करार कायदा १८७२ चा आहे आणि हा मुद्दा त्यात स्पष्ट आहे. ‘पंधरा दिवसांत नाही म्हटलं नाही, म्हणजे हो’ असं विक्रेत्याने स्वतःच ठरवून चालत नाही. तेव्हा सगळा वाद एकाच गोष्टीवर येऊन थांबतो: ४९ रुपये भरताना तुमच्यासमोरच्या स्क्रीनवर काय लिहिलेलं होतं आणि तुम्ही कशाला ‘हो’ म्हटलंत.

इथे एक सावधगिरीची सूचना. इंटरनेटवर ‘न मागता आलेली वस्तू ही भेटच, बिनधास्त ठेवून घ्या’ असा सल्ला जागोजागी मिळतो. तो अमेरिकेतल्या किंवा ब्रिटनमधल्या कायद्यांवरून आलेला आहे. आपल्याकडे इतकी सरळ तरतूद नाही. उलट आपल्या करार कायद्याच्या कलम ७० चं पहिलंच उदाहरण असं आहे की, एका व्यापाऱ्याने चुकून दुसऱ्याच्या घरी माल ठेवला आणि त्या माणसाने तो आपलाच समजून वापरला, तर त्याला पैसे द्यावे लागतात. म्हणून न मागवलेली दुसरी बाटली उघडायची नाही, कुणाला द्यायची नाही, फेकायचीही नाही. ती बाजूला ठेवा आणि ‘घेऊन जा’ असं लेखी कळवा.

मग पहिल्या, अर्ध्या वापरलेल्या बाटलीचं काय? तिथे हेच कलम ७० तुमच्या कामी येतं. ते लागू व्हायला देणाऱ्याचा हेतू ‘फुकट देण्याचा नव्हता’ असा असावा लागतो. ज्याने स्वतःच्या जाहिरातीत ‘मोफत’ लिहिलं, त्याला मागाहून असा हेतू सांगता येत नाही. म्हणून त्या जाहिरातीचा स्क्रीनशॉट हा तुमचा सगळ्यात मोलाचा कागद आहे. जाहिरात बंद झाली की ती पुन्हा सापडणं अवघड असतं. त्यामुळे हे वाचत असतानाच शोधा. समाजमाध्यमांच्या जाहिरात लायब्ररीत कंपनीचं नाव टाकून पाहा. चालू असलेल्या जाहिराती तिथे दिसतात. स्क्रीनशॉटमध्ये वेबपत्ता, तारीख आणि वेळ आली पाहिजे. शक्य असेल तर पान वरपासून खालपर्यंत सरकवत स्क्रीन रेकॉर्डिंग करा आणि मूळ फोनमधून काही पुसू नका.

आता विक्रेत्याची बाजू कुठे भक्कम असते तेही पाहा, नाहीतर पुढे फसगत होईल. मालविक्री कायदा १९३० च्या कलम २४ मध्ये ‘पसंतीवर दिलेला माल’ असा प्रकार आहे. माल ठेवून घेतला आणि ठरलेल्या मुदतीत नापसंती कळवली नाही, तर मुदत संपताच तो विकत घेतला असं धरलं जातं. मुदत ठरलेली नसेल तर वाजवी काळ संपल्यावर तेच. जाहिरातीतच ठळकपणे ‘१५ दिवस वापरून पाहा, परत केलं नाही तर १,४९९ रुपये’ असं असेल आणि ते वाचून तुम्ही मागवलं असेल, तर तो मोफत नमुना नव्हताच, पसंतीवर आलेला माल होता. अशा वेळी पैसे देणं बहुतेक लागतंच. फारतर परतीची सोय खरोखर दिली होती का, मुदत कोणत्या तारखेपासून मोजली, यावर भांडता येईल.

बहुतेक प्रकरणं या दोन टोकांच्या मध्ये कुठेतरी असतात. ‘मोफत’ मोठ्या अक्षरात आणि अट कुठेतरी तळाशी, बारीक, करड्या रंगात. याबाबत केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाची ९ जून २०२२ ची दिशाभूल करणाऱ्या जाहिरातींबाबतची मार्गदर्शक तत्त्वं खूप कामाची आहेत, आणि ती फार कमी लोक वापरतात. त्यांनुसार जाहिरातीला प्रतिसाद देण्याचा अटळ खर्च आणि वस्तू पोहोचवण्याचा किंवा आणण्याचा खर्च सोडून ग्राहकाला आणखी काही द्यावं लागत असेल, तर ‘मोफत’ हा शब्द वापरता येत नाही. पॅकिंग, हाताळणी किंवा प्रशासकीय खर्च लावला तरी ती वस्तू मोफत म्हणता येत नाही. मोफत योजनेसाठी ग्राहकाला कोणती बांधिलकी घ्यावी लागेल ते स्पष्ट सांगावं लागतं. ‘समाधान नाही तर पैसे परत’ अशा योजनेला ‘फ्री ट्रायल’ म्हणायलाही मनाई आहे. आपल्यासाठी सर्वांत उपयोगी नियम खुलाशाबद्दलचा, म्हणजे तारांकित तळटिपेबद्दलचा आहे. खुलासा मूळ दाव्याच्याच भाषेत आणि त्याच फाँटमध्ये असावा लागतो, आणि मुख्य दावा खोटा ठरवणारी गोष्ट खुलाशात लपवता येत नाही. जाहिरात मराठीत आणि अट इंग्रजीत, हा प्रकार अगदी सर्रास दिसतो. तसं असेल तर पत्रात तेवढं एक वाक्य नक्की लिहा.

४९ रुपये भरण्याच्या स्क्रीनकडेही बारकाईने बघा. यूपीआयने भरले असतील तर ॲपमध्ये ‘ऑटोपे’ किंवा ‘मँडेट’ हा विभाग उघडा. वर मोठ्या अक्षरात ‘४९ रुपये’ आणि खाली लहान अक्षरात ‘कमाल ५,००० रुपये, दरमहा’ आणि दोन-तीन वर्षांनंतरची अंतिम तारीख, असं पुष्कळदा सापडतं. म्हणजे एक पिन टाकून तुम्ही ४९ रुपयेही भरलेत आणि पुढच्या वजावटीची परवानगीही दिलीत. ती तिथूनच, कंपनीला न विचारता, रद्द करता येते. आधी स्क्रीनशॉट घ्या, मग रद्द करा. रद्द केल्यावर जुना तपशील दिसेलच असं नाही. कार्डवरचं मँडेट बँकेच्या ॲपमधून किंवा संकेतस्थळावरून रद्द होतं. रिझर्व्ह बँकेच्या नियमांनुसार अशा प्रत्येक वजावटीच्या किमान २४ तास आधी रक्कम, तारीख आणि व्यापाऱ्याचं नाव सांगणारा संदेश यायला हवा आणि नकार देण्याची सोय हवी. तो संदेश आला नसेल तर तक्रार बँकेविरुद्धही होते.

ई-कॉमर्स नियम २०२० नुसार खरेदीची संमती ग्राहकाने स्वतः केलेल्या स्पष्ट कृतीतूनच घ्यावी लागते. आधीच टिक केलेल्या चौकटीने घेतलेली संमती चालत नाही. ३० नोव्हेंबर २०२३ च्या डार्क पॅटर्नविषयीच्या, म्हणजे ग्राहकाला चकवणाऱ्या ऑनलाइन क्लृप्त्यांविषयीच्या, मार्गदर्शक तत्त्वांत १३ फसवे प्रकार दिले आहेत. मोफत सबस्क्रिप्शनसाठी पेमेंटचा तपशील किंवा आपोआप वजावटीची परवानगी द्यायला भाग पाडणं हा त्यातला ‘सबस्क्रिप्शन ट्रॅप’. मोफत मुदत संपल्यावर न कळवता गुपचूप पैसे कापणं हाही त्याच यादीत, मुख्यतः सॉफ्टवेअर सेवांच्या संदर्भात, येतो. एक चूक मात्र टाळा. नमुना न विचारता ऑर्डरमध्ये घातला म्हणून ‘बास्केट स्नीकिंग’ची तक्रार करू नका. खऱ्या मोफत नमुन्याला त्या व्याख्येतून स्पष्टपणे वगळलं आहे. तक्रार नमुना दिल्याची नको, त्यावर पैसे लावल्याची हवी.

आता पत्र. ते ईमेलने कंपनीच्या तक्रार अधिकाऱ्याला पाठवा. त्याचं नाव आणि संपर्क संकेतस्थळावर देणं ई-कॉमर्स कंपनीला बंधनकारक आहे. तक्रारीची पोच ४८ तासांत आणि निवारण एका महिन्यात व्हायला हवं. तिथे नाव नसेल तर बाटलीचं लेबल बघा. उत्पादकाचा किंवा पॅक करणाऱ्याचा पत्ता आणि ग्राहक सेवेचा संपर्क वेष्टनावर छापावा लागतो. जाहिरातीतलं नाव एक, बिलावरचं दुसरं आणि लेबलवरचं तिसरं, असंही होतं. तेव्हा पत्र तिघांनाही पाठवा आणि एक प्रत स्पीड पोस्टाने पाठवून ती पोहोचल्याचा पुरावा जपून ठेवा. मजकूर साधारण असा असावा:

‘दि. … रोजीच्या जाहिरातीत आपण … हे उत्पादन मोफत असल्याचं जाहीर केलं. त्यावरून मी दि. … रोजी फक्त डिलिव्हरीपोटी ४९ रुपये भरून एक नमुना मागवला. त्यापुढील कोणत्याही खरेदीला मी संमती दिलेली नाही. आपलं दि. … चं, क्र. … चं १,४९९ रुपयांचं बिल मला मान्य नाही. मी संमती दिली असा आपला दावा असेल, तर ती कोणत्या पानावर, कोणत्या तारखेला व वेळी नोंदली गेली याची नोंद त्या पानाच्या प्रतीसह सात दिवसांत पाठवावी. दि. … रोजी न मागवता आलेली दुसरी बाटली सीलबंद ठेवली आहे. ती पूर्वसूचना देऊन आपल्या खर्चाने पंधरा दिवसांत घेऊन जावी. यापुढे माल पाठवू नये व माझ्या खात्यातून कोणतीही रक्कम वळती करू नये. या विषयावरचा पत्रव्यवहार फक्त लेखी करावा.’

एवढं पुरे. या पत्रात राग, धमकी, ‘माझी चूक झाली पण’ असली वाक्यं किंवा ‘निम्मे देतो’ असा प्रस्ताव यांपैकी काहीही नको. संमतीची नोंद मागणारं वाक्य मात्र गाळू नका. कंपनीकडे ती नोंद नसेल तर प्रकरण बहुधा तिथेच थंडावतं. असेल तर आपण नेमके कुठे उभे आहोत हे ग्राहक आयोगात जाण्याआधीच तुम्हाला कळतं.

बाटली न्यायला माणूस आला तर पिकअपची पावती घ्या आणि देण्याआधी सील, बॅच नंबर आणि पत्त्याच्या चिठ्ठीसह फोटो काढा. पावतीशिवाय वस्तू दिली तर नंतर ‘माल परत आलाच नाही’ असं उत्तर मिळतं, आणि ते खोडायला हातात काहीच उरत नाही. तुम्ही स्वतःच्या खर्चाने कुरिअर करण्याची गरज नाही.

पैसे आधीच कापले गेले असतील तर स्टेटमेंट पाहिल्याबरोबर बँकेत वाद नोंदवा. इथे चांगली प्रकरणं एका चुकीच्या निवडीमुळे हरतात. फॉर्ममध्ये कारण विचारतात आणि लोक ‘फ्रॉड’ निवडतात. पण ४९ रुपये भरताना ओटीपी तुम्हीच टाकलेला असतो. बँक तो दाखवून तक्रार बंद करते, वर कार्डही ब्लॉक होतं. वस्तुस्थितीला जुळेल तेच कारण निवडा: सबस्क्रिप्शन रद्द केलं होतं, रक्कम कबूल केलेल्या रकमेपेक्षा वेगळी आहे, किंवा वस्तूचं वर्णन खोटं होतं. सोबत जाहिरात आणि पत्र जोडा. व्यवहार तुम्ही मुळीच केला नसेल, ओटीपी दिलाच नसेल, तर गोष्ट वेगळी. तेव्हा तीन कामकाजाच्या दिवसांत बँकेला कळवा, आणि फसवणूक असेल तर १९३० या सायबर हेल्पलाइनलाही फोन करा. बँकेने ३० दिवसांत उत्तर दिलं नाही किंवा तक्रार नाकारली, तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे विनाशुल्क जाता येतं.

आता सिबिलच्या धमकीबद्दल. माणसं घाबरून पैसे भरतात ती इथेच. सिबिलसारख्या पत माहिती कंपन्यांकडे नोंदी बँका, वित्तकंपन्या अशा पतपुरवठा संस्था पाठवतात. सीरम विकणारी कंपनी तुमचं नाव परस्पर तिथे घालू शकत नाही. पण रक्कम क्रेडिट कार्डवर पडली असेल आणि रागाने तुम्ही कार्डाचं सगळं बिलच थकवलंत, तर बँक ती थकबाकी जरूर कळवेल. म्हणून कार्डाचं बाकीचं बिल वेळेवर भरा आणि वाद फक्त त्या एका रकमेवर ठेवा. ‘आत्ता खरेदी, नंतर पैसे’ अशा सोयीने घेतलं असेल तर मागे कर्ज देणारी कंपनी असते. तिलाही वादाची प्रत पाठवा. ‘पोलीस येतील’ ही निव्वळ भीती आहे. बिलाच्या रकमेवरचा वाद दिवाणी असतो. वकिलाची नोटीस आली तर ती कोर्टाचा आदेश नसते, पण तिला उत्तर द्या. वरचंच पत्र तारखा घालून पुन्हा चालतं.

एक गैरसमज उलट्या बाजूनेही होतो. नमुन्यासोबत किंमत लिहिलेला कागद आला म्हणजे पैसे मागितलेच असं नाही. मालाच्या वाहतुकीसाठी कागद लागतो, म्हणून डिलिव्हरी चलनावर मूल्य लिहिलेलं असतं, किंवा बिलावर पूर्ण किंमत दाखवून तेवढीच सवलत वजा केलेली असते. तळाशी ‘देय रक्कम’ शून्य आहे का ते बघा. शून्य असेल तर तो कागद जपून ठेवा. नंतर मागणी आलीच तर वस्तू मोफत असल्याची कबुली त्यावर कंपनीच्याच हातची आहे. बाटलीवर ‘विक्रीसाठी नाही’ असा शिक्का असेल तर त्याचाही फोटो घ्या.

औषधांच्या बाबतीत हे अधिक गंभीर आहे. डॉक्टरांना मोफत वाटपासाठी दिलेल्या औषधावर ‘फिजिशियन्स सॅम्पल, विक्रीसाठी नाही’ असं छापावंच लागतं. ते दुकानातून किंवा दवाखान्यातून पैसे घेऊन दिलं तर पावती आणि पाकीट घेऊन अन्न व औषध प्रशासनाकडे तक्रार करा.

कंपनी ऐकत नसेल तर आधी राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन: १९१५. मराठीत बोलता येतं, पैसे लागत नाहीत, आणि तक्रार क्रमांक मिळतो. ही हेल्पलाइन निकाल देत नाही, कंपनीकडे पाठपुरावा करते. १,४९९ रुपयांसाठी माझा आग्रह याच वाटेचा आहे, कारण लहान रकमा इथे बऱ्याचदा सुटतात. जाहिरात अजून चालू असेल आणि इतरही लोक फसत असतील तर जिल्हाधिकाऱ्यांकडे किंवा थेट केंद्रीय प्राधिकरणाकडे वेगळी तक्रार करा. दिशाभूल करणाऱ्या जाहिरातीसाठी प्राधिकरण १० लाखांपर्यंत आणि पुन्हा तसंच केलं तर ५० लाखांपर्यंत दंड करू शकतं. त्यातून तुमचे पैसे परत येणार नाहीत, पण जाहिरात थांबू शकते. तेवढ्यासाठी तरी हे कराच.

पैसे गेलेत आणि परत मिळत नाहीत, तर जिल्हा ग्राहक आयोग. तुम्ही राहता किंवा काम करता त्याच जिल्ह्यात दाखल करता येतं, कंपनी कुठलीही असो. पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला फी नाही, वकील सक्तीचा नाही, आणि ई-जागृती पोर्टलवरून घरबसल्या अर्ज होतो. मुदत घटनेपासून दोन वर्षं. कायद्यात निकालासाठी साधारण तीन महिने लिहिले आहेत. प्रत्यक्षात जास्त लागतात, ते धरून चाला. तक्रारीत ‘अनुचित व्यापारी प्रथा’ हे शब्द वापरा. ग्राहक संरक्षण कायदा २०१९ च्या कलम २(४७) मध्ये, किंमत व्यवहारातच वसूल करून वस्तू मोफत दिल्याचा आभास निर्माण करणं, असा प्रकार स्पष्ट दिला आहे. ‘अनुचित करार’ असं शीर्षक मात्र देऊ नका. ते दावे राज्य आणि राष्ट्रीय आयोगाकडे चालतात आणि जिल्ह्यात अधिकारक्षेत्राचा अडथळा येतो.

‘नमुना फुकट होता, म्हणजे तुम्ही ग्राहकच नाही’ असा बचाव तिथे हमखास येतो. त्याचं उत्तर त्यांच्याच बिलात आहे. ग्राहकाच्या व्याख्येत मोबदला दिलेला किंवा कबूल केलेला असावा लागतो. कंपनी एकीकडे ‘तुम्ही १,४९९ कबूल केले’ म्हणते आणि दुसरीकडे ‘मोबदलाच नव्हता’ म्हणते. दोन्ही एकाच वेळी खरं असू शकत नाही. शिवाय भरलेले ४९ रुपये आहेतच. दुकानात विकण्यासाठी किंवा धंद्यासाठी नमुने घेतले असतील तर मात्र हा बचाव टिकू शकतो. स्वतःच्या उपजीविकेपुरता स्वयंरोजगार असलेल्यांना सूट आहे. बाकीच्यांनी वरचं नकाराचं पत्र पाठवून कागद तयार ठेवावेत आणि दावा आलाच तर दिवाणी न्यायालयात उत्तर द्यावं.

शेवटी फोनवर ‘५०० भरा, मिटवून टाकू’ असा प्रस्ताव येईल. भरायचे की नाही ते तुम्ही ठरवा, पण त्या लिंकवर लगेच भरू नका. भरलेली ती रक्कम उद्या ‘बिल मान्य होतं’ म्हणून दाखवली जाते आणि उरलेले ९९९ पुन्हा मागितले जातात. आधी ईमेलवर घ्या: संपूर्ण बिल रद्द, येणं बाकी शून्य, सबस्क्रिप्शन बंद, दुसरी बाटली परत नेण्याची तारीख. हे लिहून देत नसतील तर पैसे देऊ नका.